हॅम्बुर्गची ६२ क्रमांकाची फेरीबोट: परतीच्या आधीचा शनिवार-रविवार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कामासाठी पाच महिने जर्मनीतल्या हॅम्बुर्गला राहून मी नुकताच बेळगावला परतलो. विमान सोमवारी पहाटेचे होते, त्यामुळे शेवटचा शनिवार-रविवार मोकळा मिळाला. त्या दोन दिवसांसाठी मिळालेल्या असंख्य सल्ल्यांपैकी खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो एकच, आणि तो म्हणजे एल्ब नदीवरच्या ६२ क्रमांकाच्या फेरीबोटीचा.

ही सहलीची बोट नव्हे. लांडुंग्सब्र्युकन धक्क्यावरून फिंकनवेर्डरला जाणारी ही शहराच्या सार्वजनिक वाहतुकीतलीच एक फेरी असून बस आणि मेट्रोसाठी काढलेले दिवसभराचे तिकीट तिलाही चालते. एका बाजूचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे. पहिल्या महिन्यात मी याच परिसरातल्या एका खाजगी लाँचचे वेगळे पैसे मोजले होते आणि तासभर बंद काचेआड बसून, केवळ जर्मनमधून चाललेले निवेदन ऐकत, बाहेरचे धुके पाहून परतलो होतो. फेरीबोटीवर निवेदन मुळीच नसते, पण वरचा डेक उघडा असतो. वारा मात्र बोचरा असतो. ऐन उन्हाळ्यातही अंगात जाकीट हवेच.

वाटेत ओव्हेलग्योनेला अवश्य उतरावे. तिथल्या काठावर २१७ टनांचा एक धोंडा आहे. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनहून वाहत आलेला हा दगड १९९९ साली नदीचे पात्र खोल करताना सापडला, म्हणून लोक त्याला ‘म्हातारा स्वीडिश’ म्हणतात. आयुष्य ओतकामाच्या वजनांत गेलेले असूनही माझा अंदाज साठ टनांच्या पुढे गेला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. समोरच्या काठावर कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन अखंड चालू असतात आणि वाळूवर पहुडलेली माणसे त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

परत धक्क्यावर आल्यावर लगतचा जुना एल्ब बोगदा पाहावा. १९११ साली खुला झालेला हा ४२६ मीटर लांबीचा बोगदा नदीच्या पोटातून पलीकडे जातो आणि पायी जाणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. भिंतींवरच्या चकचकीत फरश्यांत मासे आणि खेकडे कोरलेले आहेत. पलीकडे वर आल्यावर शहराचा संपूर्ण काठ एका नजरेत दिसतो, तोही रांग न लावता.

रविवारी पहाटे याच फेरीबोटीच्या मार्गावरचा, १७०३ पासून भरणारा मासळीबाजार गाठावा. उन्हाळ्यात तो पाचला सुरू होतो आणि साडेनऊला आटोपतो. नावाने मासळीचा असला तरी तिथे फळे, फुलझाडे, सगळेच मिळते. आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करून भाव खाली आणते. तिथे विक्रेता भाव तोच ठेवतो आणि मोठमोठ्याने ओरडत टोपलीत अननस, द्राक्षे, आणखी केळी अशी भर घालत राहतो, ती गर्दीतून कोणीतरी नोट उंचावेपर्यंत. मी नोट उंचावली आणि मग दिवसभर ती टोपली सांभाळत हिंडलो. परतीच्या आदल्या दिवशी असली खरेदी करू नये.

खरी खरेदी शनिवारीच उरकावी, कारण रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात. “तिकडचं गोड काहीतरी आण की रे,” असे आईने बजावले होते, म्हणून जवळच्या ल्युबेकचे मार्झिपान घेतले. बदाम आणि साखरेच्या या मिठाईची चव आपल्या बदाम बर्फीच्या जवळ जाते. मात्र मुंबईहून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, येणाऱ्या विमानाच्या माझ्या तिकिटावर पंधराच किलोंची मुभा होती, हे शनिवारी दुकानात उभे असताना आठवले ते बरे झाले. परत करण्याच्या रिकाम्या बाटल्या मात्र विसरलो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, पण ती परत देणारी सुपरमार्केटेही रविवारी बंदच. शेवटी तिथल्या रिवाजाप्रमाणे त्या कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी ठेवल्या. गरजू माणसे त्या उचलून नेतात.

बोटीवर कोणत्या बाजूला उभे राहावे, असे कोणी विचारले तर जाताना उजवीकडे, कारण घरे, वाळू आणि तो धोंडा त्या बाजूला येतात. रविवारी संध्याकाळी मी मात्र डावीकडेच, क्रेनच्या बाजूला उभा होतो. आमच्या कास्टिंगच्या पेट्या तिथल्या कंटेनरच्या ढिगाऱ्यांपैकी नेमक्या कुठे उतरतात, ते पाच महिन्यांत पाहायचे राहूनच गेले होते.