पाचवीनंतर गणित कोणत्या भाषेत? मराठी, कन्नड आणि इंग्रजी

पाचवी संपत आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत माध्यमाचा विषय निघतोच. मुलाला मराठीतच ठेवायचं, कन्नड शाळेत घालायचं की इंग्रजीत? गणितापुरता तरी हा निर्णय जपून घ्यावा, कारण सहावी-सातवीत नुसती आकडेमोड मागे पडते आणि अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, बीजगणित असं सगळं एकदम अंगावर येतं.

कन्नडची धास्ती बहुतेक पालकांना वाटते, पण गणितात ती फारशी खरी नाही. अंश, छेद, व्यास, समीकरण, सहगुणक, सरासरी हे शब्द उच्चाराच्या थोड्या फरकाने तिकडेही तेच आहेत. त्रिकोणाचा त्रिभुज होतो, गुणोत्तराचा अनुपात, अपूर्णांकाची भिन्नराशी. आठवड्याभरात मूल रुळतं. अडतं ते जवळच्या शब्दांत. आपण चौकोनाच्या समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेलाही कर्ण म्हणतो आणि काटकोन त्रिकोणातल्या सर्वांत लांब बाजूलाही. कन्नड पुस्तकात त्रिकोणाची ती बाजू विकर्ण असते. लसावि-मसाविचं लसाअ-मसाअ होतं आणि त्यातले अपवर्त्य, अपवर्तन हे दोन शब्द मुलं हमखास उलटसुलट करतात. अर्थात मराठीतले विभाज्य आणि विभाजकही काही कमी फसवे नाहीत. इथे इंग्रजीतले मल्टिपल आणि फॅक्टर सरस, कानालाच वेगळे लागतात.

संख्यांच्या नावांत कन्नड आपल्यापेक्षा सरळ आहे हे मान्य करायला हवं. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. कन्नडचं नलवत्तैदु आणि इंग्रजीचं फॉर्टी-फाइव्ह लिहिण्याच्या क्रमानेच बोलतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली, ती याच अडचणीसाठी. त्यावर महाराष्ट्रात केवढा वाद झाला! पण पाचवीपर्यंत ज्याचे पाढे मराठीत पाठ झाले, तो मनातला हिशोब मराठीतच करणार. त्याच्यासाठी हा मुद्दा आता मागे पडलेला आहे.

इंग्रजीची खरी जमेची बाजू पुढच्या वाटेत आहे. दहावीचा गणिताचा पेपर मराठीतून देता येतो, पण पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीत. तेव्हा ते शब्द कधीतरी शिकावे लागणारच. प्रश्न फक्त केव्हा, हा आहे. ३, ३, ५, ८, ११ या संख्या घ्या. सरासरी ६, मध्यक ५, बहुलक ३. मराठी मुलाला मध्यक म्हटलं की मधला, बहुलक म्हटलं की जास्त वेळा आलेला, हे शब्दातच दिसतं. मीन, मीडियन, मोड ही तीन नावं नुसती घोकावी लागतात आणि परीक्षेत एकाच्या जागी दुसरं येतं. न्यूमरेटर-डिनॉमिनेटरचंही तसंच.

सर्वांत जास्त मार्क जातात ते शाब्दिक उदाहरणांत, आणि माध्यमाचा खरा कस तिथेच लागतो. आपल्याकडे ‘तीस-चाळीसचा प्लॉट’ लहान मुलालाही माहीत असतो. त्याला तारेचं कुंपण घालायचं तर लागते परिमिती, १४० फूट. जागा किती हे सांगतं क्षेत्रफळ, १२०० चौरस फूट, म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या गुंठ्याहून थोडं जास्त. मराठीत हा फरक मुलाला बोलता बोलता कळतो. कन्नडमध्येही अवघड जात नाही, कारण सुत्तळते म्हणजे सभोवारचं माप हे गल्लीत कन्नड ऐकणाऱ्या मुलाच्या लक्षात येतं. इंग्रजीत मात्र कुंपण, कडा, प्रति फूट दर हे वाक्यच उलगडत नाही आणि गणित येत असूनही उत्तर चुकतं. अशा मुलाला आपण ‘गणितात कच्चा’ म्हणून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चांगली मराठी शाळा जवळ असेल तर सातवीपर्यंत मराठीच ठेवा आणि सहावीपासून प्रत्येक धड्याचे इंग्रजी शब्द वहीच्या समासात लिहायला लावा. आठवीला हायस्कूलसाठी शाळा बदलतेच, तेव्हा माध्यम बदललं तरी मूल कोरं नसेल. मराठी शाळेत गणिताला शिक्षकच नसेल, तर हट्ट न करता जवळची कन्नड शाळा पाहा. इंग्रजी तेव्हाच, जेव्हा घरात रोज संध्याकाळी कुणीतरी उदाहरणं सोबत वाचणारं असेल.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा तिथल्या सहावी-सातवीच्या मुलांशी बोला. दोन तृतीयांश मोठा की तीन पंचमांश, हे त्यांच्या शाळेच्या भाषेत विचारा, आणि ‘का?’ हेही विचारा. छेद समान करून दहा पंधरांश आणि नऊ पंधरांश असं कुणी स्वतःच्या शब्दांत समजावून सांगितलं, तर त्या शाळेचा फॉर्म घ्यायला हरकत नाही.