ऑप्टिकल नेटवर्कमधलं ट्रॅफिक सपाट करायचंय: होस्टवर की एजवर?

सांगलीत वालचंदला एम.टेक.साठी ऑप्टिकल पॅकेट स्विचिंग (डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, प्रकाशाच्याच रूपात पुढे पाठवणं) घेतलंत, तर झुंडीने येणारं ट्रॅफिक कुठे सपाट करायचं हे आधी ठरवावं लागतं: होस्टवर, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या मशीनवर, की एजवर, म्हणजे नेटवर्कच्या कडेच्या राउटरवर. गाळपाच्या हंगामात कारखाना तोडणीचा कार्यक्रम लावतो, म्हणून सगळ्या गाड्या एकदम येत नाहीत. तरी आल्याच, तर उभं राहायला कारखान्याचं आवार असतं. ऑप्टिकल स्विचला ते जवळजवळ नसतंच.

प्रकाश साठवणारी रॅम अजून व्यवहारात आलेली नाही. पॅकेट थांबवायचं तर फायबरच्या वेटोळ्यात फिरवायचं. सेकंदाला १० गिगाबिटच्या वेगाने १५०० बाइटच्या एका पॅकेटला १.२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे २४० मीटर फायबर. वीस पॅकेटांइतका उशीर हवा तर जवळपास पाच किलोमीटर, सांगली-मिरजेच्या साधारण निम्म्या वाटेएवढं! शिवाय वेटोळ्याची लांबी ठरलेली, त्यामुळे पॅकेट हवं तेव्हा बाहेर काढता येत नाही. म्हणून सगळा भार वेटोळ्यांवर टाकायचा पर्याय मी बाजूलाच ठेवेन.

होस्टवरचं टीसीपी पेसिंग, म्हणजे टीसीपीची (पोच घेत डेटा पाठवायच्या पद्धतीची) पॅकेटं एकदम न सोडता अंतराअंतराने सोडणं, आकर्षक वाटतं. लिनक्समध्ये ते २०१३ पासून आहे, वेगळं हार्डवेअर लागत नाही. २००६ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासानुसार ट्रॅफिक असं पसरून आलं आणि लिंकची थोडी क्षमता सोडायची तयारी असली, तर दहा-वीस पॅकेटांचा बफरही (पॅकेटं थांबवायची जागा) पुरतो. पण पेसिंग सगळ्यांनी केलं तरच. २००० च्याच एका अभ्यासात दिसलं होतं की पेसिंग करणारे आणि न करणारे प्रवाह एकत्र आले की करणारेच मागे पडतात. नियम पाळणाऱ्याला शिक्षा, हे मला पटत नाही. यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) तर यात येतच नाही.

एज राउटर अजून इलेक्ट्रॉनिक आहे, मेमरी तिथे स्वस्त आहे. प्रत्येक पॅकेटला काही मिलिसेकंदांची मुदत द्यायची आणि ती न मोडता बाहेर जाण्याचा वेग शक्य तितका समान ठेवायचा. कोणाच्याही मशीनला हात लावायला नको, टीसीपी-यूडीपी दोन्ही सांभाळलं जातं. किंमत म्हणजे तेवढा वाढीव उशीर.

दोन्ही टोकांचे सर्व्हर तुमच्याच ताब्यात असतील, उदाहरणार्थ एखादं डेटा सेंटर, तर होस्ट पेसिंग घ्या. बाकी सगळीकडे एज, हे माझं ठाम मत आहे. सिम्युलेशनमध्ये कोअर बफर (नेटवर्कच्या मधल्या ऑप्टिकल स्विचचा) ५, १० आणि २० पॅकेटांचा ठेवा, मुदत १ ते १० मिलिसेकंद बदलत न्या, यूडीपी मिसळायला विसरू नका. आणि नुसता लिंकचा वापर मोजू नका, पॅकेट लॉसचा आलेखही काढा.