गायकी अंग की तंतकारी: व्हायोलिन कुठल्या वाटेने न्यायचं?

चार-पाच वर्षं व्हायोलिन शिकून झाली, सूर बऱ्यापैकी लागू लागले, प्रवेशिका पदरात पडली, की हिंदुस्थानी व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला एक निवड करावी लागते. पुढे गवयासारखा ख्याल वाजवायचा, म्हणजे गायकी अंग, की सतार-सरोदच्या वळणाची गत, म्हणजे तंतकारी? मैफल संपल्यावर श्रोत्यांत जो वाद रंगतो तोही याच प्रश्नाचा. एक म्हणतो, काय गायलं व्हायोलिन! दुसऱ्याच्या कानात अजून ‘झाला’, म्हणजे शेवटचं द्रुत लयीतलं वादनच, घुमत असतं. दोघंही बोलतात ते डाव्या हाताबद्दल, म्हणजे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) आणि बोटांची तयारी याबद्दल. आमच्या मते दोन अंगांतला खरा फरक उजव्या हातात आहे. गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी, कसा चालतो त्यावर अंग ठरतं, आणि वादन नुसतं चांगलं की थोर हेही बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

दोन्ही वाटांवर थोर माणसं होऊन गेली आहेत, त्यामुळे एक अंग शुद्ध आणि दुसरं उथळ असं मानण्यात अर्थ नाही. एन. राजम यांनी गायक ओंकारनाथ ठाकूरांची तालीम घेतली आणि ख्याल जसाच्या तसा तारांवर उतरवला. विघ्नेश्वर शास्त्रींचे शिष्य डी. के. दातार (१९३२–२०१८) हेही गायकीचेच. गजाननराव जोशी (१९११–१९८७) तर स्वतः गवई होते. दुसऱ्या बाजूला व्ही. जी. जोग (१९२२–२००४). सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांची तालीम लाभल्यामुळे त्यांच्या वादनात लयकारी आणि तंतकारीचा ठसा उमटला. बिस्मिल्ला खाँच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐकल्या, की छोट्या, नेमक्या गजाने काय साधतं ते कळतं.

एकच ‘नि रे ग’, दोन हात

यमनचं ‘नि रे ग’ घ्या. व्हायोलिनच्या तारेची घोडीपर्यंतची (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यापर्यंतची) लांबी साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर असते. मंद्र पंचमाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प च्या, तारेवर नि तारेच्या वरच्या टोकापासून सुमारे साडेसहा सेंटिमीटरवर येतो. सा आठवर, रे पावणेअकरावर, ग तेरावर.

गायकीवाला ही तिन्ही स्वरस्थानं त्याच तारेवर घेतो. नि वरचं बोट तारेला चिकटूनच सव्वाचार सेंटिमीटर सरकतं आणि रे वर थांबतं. खरी अडचण वाटेतल्या षड्जाची आहे. यमनमध्ये इथे सा वगळायचा असतो, पण बोट तर त्याच्या अंगावरूनच जातं. बोट जड राहिलं की सा वाजतो आणि ‘नि सा रे ग’ ऐकू येतं. म्हणून त्या जागी बोटाचा दाब कमी करायचा, गजाचं वजनही किंचित काढायचं, आणि रे येताच दोन्ही परत द्यायचं. शिवाय ग पर्यंत पोचल्यावर तारेचा वाजणारा भाग साडेएकोणीस सेंटिमीटरच उरतो, त्यामुळे गज थोडा घोडीकडे न्यावा लागतो. नाहीतर ग फुसका, वाऱ्यासारखा येतो. हे सगळं एकाच गजात, न तोडता.

तंतकारीवाला नि मंद्र पंचमावर वाजवतो आणि रे साठी सरळ षड्जाच्या तारेवर जातो. तिथे रे साडेतीन सेंटिमीटरवर, ग साडेसहावर. पहिलं बोट, दुसरं बोट, प्रत्येक स्वराला स्वतंत्र गज. षड्ज वाजण्याचा धोका जवळजवळ उरत नाही, स्वर ठसठशीत येतात, पण नि आणि रे यांना जोडणारी रेघही जाते. ती उणीव भरायला तो रे वर ग चा कण (ओझरता स्पर्श) देतो किंवा लयीत वजन टाकतो. दोन्ही ‘नि रे ग’ यमनचेच, पण ऐकणाऱ्याला पोचतं ते वेगळं.

जुळवणीतच कल दिसतो

याकडे फार कमी विद्यार्थी लक्ष देतात. जाड तारेपासून प-सा-प-सा अशी जुळवणी केली, तर वरच्या सप्तकातला (तार) षड्ज मोकळ्या तारेवर मिळतो. सतार-सरोदसारखी चिकारी (लयीसाठी मध्ये मध्ये छेडायच्या तारा) व्हायोलिनला नसते, म्हणून झाल्यात शेजारची मोकळी तारच चिकारीचं काम करते, आणि त्यासाठी ही जुळवणी सोयीची. पण मंद्र पंचमाच्या खाली काहीच नाही. दरबारीत मंद्रातला ‘म प’ घ्यायचा म्हटलं तर म येणार कुठून?

सा-प-सा-प या जुळवणीत अख्खा मंद्र सप्तक हाती येतो. कर्नाटक संगीतात हीच रूढ आहे. ख्यालाच्या संथ बढतीला (रागाच्या हळूहळू विस्ताराला) खर्जाचं हे अंग फार शोभतं. बदल्यात तार षड्जासाठी पंचमाच्या तारेवर आठ सेंटिमीटर खाली उतरावं लागतं आणि द्रुत झाल्यात हात अडखळतो.

प-सा-प-सा करताना पट्टी, म्हणजे सा ची उंची, जपून निवडा. मूळ जुळवणी जी-डी-ए-ई धरली तर पांढरी एकला (सी) पहिली, सर्वांत बारीक तार दोन पूर्ण स्वर उतरते आणि तिचा ताण ३७ टक्क्यांच्या आसपास घटतो. मग ती थरथरते, शिट्टी मारते. पांढरी दोनला (डी) चौथी, सर्वांत जाड तार एक स्वर चढते आणि तिच्यावर सुमारे २६ टक्के जादा ताण येतो, घोडी पुढे झुकू लागते. काळी एक (सी शार्प) हा मधला मार्ग: चौथीवर जेमतेम १२ टक्के वाढ, पहिलीवर २९ टक्के घट. पहिली तार जाड गेजची घेतली की ही घट बरीच भरून निघते.

गजाचा हिशोब

विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. गजाचे वापरता येणारे केस साधारण ६५ सेंटिमीटर. गायकीवाल्याने तीन मात्रांचा स्वरसमूह एका गजात बसवला, तर बारा सेकंदांत ६५ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच सेंटिमीटर. इतक्या संथ गजात दाब जरा वाढला की करकर आणि कमी झाला की आवाज विरतो. आवर्तनात चार वेळाच गज बदलतो, आणि ते चार बदल गवई श्वास घेईल तिथेच पडायला हवेत. मींडेच्या मधोमध गज बदलला की मींड मोडते. डाव्या हाताने कितीही सुंदर काढली असली तरी.

तंतकारीत हिशोब उलटा. मसीतखानी, म्हणजे संथ लयीतली, गत तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठते: ‘दिर दा दिर दा रा, दा दा रा’. ‘दा’ला गज एका दिशेला, ‘रा’ला उलट, ‘दिर’मध्ये दोन झटपट आघात. इथे गजाची दिशा चुकली की पुढचे सगळे बोल उलटे पडतात आणि समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) वजन येत नाही. द्रुत झाल्यात लय मिनिटाला २४० मात्रांवर गेली आणि मात्रेला दोन आघात असले, तर सेकंदाला आठ. तेव्हा गजाचा मधला तीन-चार सेंटिमीटरचाच भाग चालतो आणि हालचाल मनगटातून येते. कोपर हलू लागलं की दोन मिनिटांत खांदा दुखतो आणि लय मागे पडते.

दोन्हीकडे काय बिघडतं

गायकी अंग बिघडतं तेव्हा सगळंच घसरत जातं. प्रत्येक दोन स्वरांमध्ये मींड, कुठेही उभा स्वर नाही, आणि ‘गळ्यासारखं’ म्हणता म्हणता रडवेपणा येतो. दुसरं, आंदोलनाच्या जागी पाश्चात्त्य व्हायब्रेटो. दरबारीचा गंधार मध्यमाच्या स्पर्शाने यावा, संथ झुलावा. तिथे बोट जागच्या जागी भराभर हलवलं तर तो दरबारीचा राहत नाही. षड्जाच्या तारेवर नेहमीचा कोमल आणि हा उतरलेला गंधार यांत फक्त तीन मिलिमीटरचं अंतर आहे, बोटाच्या टोकाच्या अर्ध्याहून कमी. तिसरं म्हणजे बंदिशीचे शब्दच माहीत नसणं. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) म्हणता येत नसेल तर गज कुठे बदलायचा हे कळणारच नाही.

तंतकारी बिघडते ती घाईने. तिहायांवर तिहाया (तीनदा वाजवून समेवर आणायचे तुकडे), तबल्याशी सवाल-जवाब, टाळ्या, आणि त्यात मध्यम चढलेला, निषाद उतरलेला. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नाहीत. वेगात बोटं जवळ-जवळ पडू लागतात आणि वरच्या सप्तकात, जिथे अंतरं निम्मी होतात, दोन मिलिमीटरची चूक सरळ बेसूर वाजते. माइक वाद्याच्या तोंडाशी लावलेला असेल तर केसांची खरखर स्वराच्या बरोबरीने ऐकू येते. इकोचं बटण वाढवून ती झाकतात, पण त्याने तान आणखी गिचमिड होते.

ऐकणाऱ्याने काय तपासावं

पहिल्या तीन प्रश्नांना तबला सुरू होण्याआधीची दहा मिनिटं पुरतात. गज बदललेला ऐकू येतो का? षड्जावर परत आल्यावर तो प्रत्येक वेळी त्याच उंचीवर असतो का? खर्जात आवाज जाड राहतो की नुसता खालचा होतो? मग द्रुतात एकच गोष्ट पाहा: तानेतला शेवटचा स्वर पहिल्याइतका स्वच्छ आहे का. या चारही ठिकाणी खरा उतरणारा वादक कुठल्याही अंगाचा असो, त्याची मैफल सोडू नये.

मग निवड कशी करायची

बहुतेकांना आम्ही गायकी अंगच आधी घ्या असं सांगू. कारण स्वच्छ आहे. संथ गजात, मींडेत, आंदोलनात कमावलेला सूर पुढे झाल्यातही टिकतो. झाल्यापासून सुरुवात केलेल्या हाताला संथ गज नंतर मिळवणं फार जड जातं. ज्यांना आधी तबल्याचं शिक्षण आहे, ज्यांच्या घरात सतार-सरोद आहे, किंवा ज्यांचे गुरू स्वतः त्या परंपरेतले आहेत, त्यांनी तंतकारी बेलाशक धरावी. लयीचं अंग असलेल्या मुलाला तीन वर्षं केवळ विलंबितात अडकवणं हाही अन्यायच.

गुरू निवडताना पहिल्या भेटीत एक गोष्ट बघा. गायकी शिकवणारे स्वरसमूह आधी गाऊन दाखवतात का? तंतकारी शिकवणारे बोल तोंडाने, हातावर ताल देत म्हणतात का? जे थेट बोटं दाखवायला लागतात त्यांच्याकडे कुठलंच अंग नीट येत नाही.

तरीही ठरत नसेल तर चार आठवडे द्या. राग एकच ठेवा, यमन किंवा भूप. रोज वीस मिनिटं विलंबित ख्यालाचा मुखडा आणि त्यापुढे दोन आवर्तनं, वीस मिनिटं तीनतालातली एक गत. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी फोनवर दोन्ही रेकॉर्ड करा, फोन वाद्यापासून दीड मीटर दूर ठेवून. वाजवताना तंबोरा हेडफोनवर घ्या, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तो येणार नाही आणि सुराच्या चुका त्याच्या आड लपणार नाहीत. मग कागद घेऊन बसा आणि जिथे जिथे गज बदललेला खटकला तिथे खूण करा. चार आठवड्यांत ज्या वादनातल्या खुणा जास्त कमी झाल्या असतील, त्या अंगाच्या गुरूंना आधी फोन करा.