विज्ञान दिनाचा 'रामन संच': टाकी झकास, लेबल चुकीचं

२८ फेब्रुवारी जवळ आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांत 'रामन संचा'चे खोके येऊ लागतात. आत काचेची टाकी, एलईडी टॉर्च, पोलरायझरचा (एकाच दिशेच्या प्रकाशकंपनांना वाट देणाऱ्या फिल्मचा) तुकडा, हिरवा लेझर आणि ऑलिव्ह तेलाची बाटली. वर सी. व्ही. रामन यांच्या १९३०च्या नोबेलचा मोठा उल्लेख. आतल्या मालाचं त्या नोबेलशी नातं तसं लांबचं.

टाकीतला प्रकाश विखुरण्याचा प्रयोग मात्र पैसे वसूल करतो. फक्त पुस्तिकेतलं 'एक चमचा दूध' ऐकू नका, पाणी पांढरंफटक होतं आणि रंग दिसतच नाहीत. दोन लिटर पाण्याला साय काढलेल्या दुधाचे चार-पाच थेंब घाला, मग एकेक वाढवा. स्निग्धांशाचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळसर झाक येते ती केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या बारीक कणांमुळे. खोली काळोखी करून टॉर्चचा झोत पाण्यातून सोडा. झोत बाजूने निळसर, समोरून तांबूस दिसतो. बाजूने बघत पोलरायझर फिरवला की मंदावतो. विहिरीच्या पाण्यात जांभ्याचा तांबडा गाळ असेल तर नुसतं गाळून भागत नाही, रात्रभर निवळू द्यावं.

गोची आहे लेझरच्या प्रयोगात. हिरवा झोत ऑलिव्ह तेलात नारिंगी दिसतो, त्याला पुस्तिका रामन परिणाम (रेणूंवरून विखुरताना प्रकाशाचा रंग बदलणं) म्हणते. साफ चूक! ती तेलातल्या हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या रंगात परत सोडणं. शंका असेल तर त्याच जागी स्वच्छ खोबरेल ठेवा (थिजलं असेल तर आधी उन्हात): झोत हिरवाच राहतो. कार्बन-हायड्रोजन बंध दोन्ही तेलांत आहेत, मग रामन परिणाम एकाच तेलात कसा दिसेल? या बंधांमुळे ५३२ नॅनोमीटरच्या या हिरव्या लेझरचा रामन-प्रकाश ६३०च्या आसपास, म्हणजे लाल येतो. पण कोटी फोटॉनांत (प्रकाशकणांत) जेमतेम एखादाच तसा निघतो, त्यामुळे हिरवा अडवणारा फिल्टर हवाच. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनीही फिल्टरच वापरले होते. संचात तो नाही.

लेझर शिक्षकांच्याच हातात असू द्या, काचेवरून उलटणारा झोतही डोळ्यांना घातक. प्रयोग झाला की सेल काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या हवेने स्प्रिंगा गंजतात. पोलरायझर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, दमट हवेत त्याचे थर सुटतात.