लीजच्या गाडीचे जादा किलोमीटर : सव्वीस महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन वर्षांच्या लीजवर घेतलेली पेट्रोल गाडी मी मुदतवाढीचे दोन महिने धरून सोलापुरात वापरली आणि परत केली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. विमा आणि सर्व्हिसिंग मासिक भाड्यातच होते आणि एप्रिल-मेच्या उन्हातही एसीने दगा दिला नाही. वाद झाला तो जादा किलोमीटरच्या शेवटच्या बिलावरून. तो सविस्तर लिहितो, कारण मला गाडी देणाऱ्या लीज कंपनीप्रमाणे ज्यांचे यार्ड (गाड्या ठेवण्याची आणि तपासण्याची जागा) पुण्यात आहे, त्यांच्याकडून गाडी घेणाऱ्या सोलापूरकराला तो भोवू शकतो.

करारात वर्षाला 15,000 किलोमीटरची, म्हणजे महिन्याला 1,250 ची मर्यादा होती आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला जीएसटी वगळून 10 रुपये दर होता. चिंचोळी एमआयडीसीतील नोकरीच्या रोजच्या ये-जा करण्यातच महिन्याला नऊशेच्या आसपास किलोमीटर जातात. उरलेल्या साडेतीनशेत अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर बसते. पुण्याची जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरची एक फेरी मात्र बसत नाही, म्हणून आम्ही पुण्याला शक्यतो हुतात्मा एक्स्प्रेसने जात असू. तरीही काही किलोमीटर जादा झाले होते आणि त्यांचे पैसे देण्याची माझी तयारी पहिल्यापासून होती.

कंपनीने पुण्याच्या यार्डातील 34,860 या रीडिंगमधून 30,000 वजा केले, 4,860 किलोमीटरचे 48,600 रुपये लावले आणि ते अनामत रकमेतून कापून घेत असल्याचे कळवले. हा हिशेब तीन ठिकाणी खोटा ठरत होता. गाडी पुण्याहून चालवत आणली गेल्यामुळे मला ताबा मिळाला तेव्हाच ओडोमीटरवर 310 होते. परत देताना सोलापुरात रीडिंग 34,590 होते. पुढचे 270 किलोमीटर कंपनीच्या चालकाने यार्डापर्यंत चालवले होते. सर्वांत मोठी रक्कम मुदतवाढीची होती : त्या दोन महिन्यांचे भाडे पूर्ण घेतले, पण त्यांची 2,500 किलोमीटरची मर्यादा धरलीच नाही. हे सारे वजा केल्यावर जादा किलोमीटर 1,780 आणि देय रक्कम 17,800 रुपये उरत होती.

पुराव्यांपैकी सर्वांत बोलका पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. संध्याकाळी चालक गाडी घेऊन विजापूर रोडवरील आमच्या घरासमोरून निघाला आणि थोड्याच वेळात माझ्या फास्टॅग खात्यातून सावळेश्वर नाक्याचा टोल कापल्याचा संदेश मोबाईलवर आला; पाठोपाठ वरवडे, मग सरडेवाडी. गाडी माझ्या ताब्यातून गेल्यानंतर महामार्गावर कोणी आणि कधी चालवली, हे त्या नोंदींतून वेळेनिशी सिद्ध झाले. सुरुवातीच्या ताबापावतीवर चालकाने निळ्या पेनाने लिहिलेला 310 हा आकडा आणि खाली त्याचीच सही होती. परतीच्या पावतीवरही मी रीडिंग लिहून घेतले होते आणि चालू डॅशबोर्डचा फोटो काढला होता. मुदतवाढीच्या ईमेलमध्ये ‘विद्यमान अटी कायम राहतील’ असे वाक्य होते. अटी कायम म्हणजे भाडेही कायम आणि मर्यादाही कायम, हा माझा मुद्दा होता आणि मला तो आजही निर्विवाद वाटतो.

फोनवरील संभाषणातून काहीही निष्पन्न झाले नाही; प्रत्येक वेळी नवा प्रतिनिधी आणि ‘यार्डाचा अहवाल अंतिम आहे’ हे एकच उत्तर. त्यामुळे मी सर्व व्यवहार ईमेलवर आणला, हिशेबाचा तक्ता मागितला आणि 17,800 रुपये मान्य असून ते कापून उरलेली अनामत परत करावी, असे स्पष्ट लिहिले. मान्य असलेली रक्कम वेगळी काढल्यामुळे पैसे बुडवण्याचा आरोप करायला जागा उरली नाही. लीज कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घेतलेली असल्याने 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचाही आधार घेतला : तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे त्यांत बंधनकारक आहे. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, परंतु तिच्यामार्फत गेलेल्या तक्रारीला प्रथमच एका जबाबदार व्यक्तीचे लेखी उत्तर आले.

त्या उत्तरात पुण्याहून गाडी आणतानाचे 310 आणि परत नेतानाचे 270 किलोमीटर वगळले होते, मुदतवाढीचे नाही. शिवाय वाद लवादाकडे (न्यायालयाऐवजी करारानुसार निवाडा करणाऱ्या खासगी व्यक्तीकडे) आणि तोही परराज्यात न्यावा लागेल, असे सुचवले होते. करारातील लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाची दारे बंद होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला 5 ते 10 लाखांच्या दरम्यान असल्यास तक्रारीचे शुल्क अवघे 200 रुपये आहे. सोलापूर जिल्हा आयोगासाठी तयार केलेल्या तक्रारीचा मसुदा मी कंपनीला पाठवला, तेव्हा मुदतवाढीचे 2,500 किलोमीटरही मान्य झाले. नोकरीच्या कंपनीमार्फत लीज घेतलेल्यांनी मात्र करार कोणाच्या नावे आहे हे आधी पाहावे, कारण व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या सेवेला या कायद्याचे संरक्षण मिळण्यात अडचण येते.

17,800 रुपये आणि त्यावरील जीएसटी कापून उरलेली अनामत खात्यात जमा झाली आहे. लीज मी पुन्हा घेईन, पण ताबा आणि परतीचे रीडिंग सोलापुरातच नोंदवण्याची अट करारात लेखी असेल तरच. अनामत अडकवून ठेवलेल्या काळाचे व्याज कंपनीने नाकारले असून, तक्रारीसाठी कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत अद्याप शिल्लक असल्याने तो मसुदा मी जपून ठेवला आहे.