चॅटबॉटकडून ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर लिहून घेणं: कितपत जमतं?

मुलाखतीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’, म्हणजे स्वतःबद्दल थोडं सांगा. उत्तराला मिळतात साधारण ६० ते ९० सेकंद. तेवढ्यासाठी हल्ली लोक चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉड उघडतात आणि टाइप करतात, ‘मला नोकरीसाठी छान सेल्फ-इंट्रो लिहून दे.’ काही सेकंदांत परिच्छेद हजर. तो मुलाखतीत बोलण्याच्या लायकीचा असतो का, आणि नसेल तर या साधनाकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं, याचं हे परीक्षण. फोनमधला रेकॉर्डर आणि लिंक्डइनवरची ओळखीची जागा यांचाही विचार शेवटी केला आहे, कारण एकट्या चॅटबॉटवर भागत नाही.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी तीन. लांबलेला मजकूर छाटून आटोपशीर करायला चॅटबॉट फार उपयोगी आहे. पण तुमच्या चार वर्षांच्या कामातली कोणती गोष्ट सांगायची ही निवड त्याच्यावर सोडलीत, तर फजिती ठरलेली.

एक काल्पनिक उमेदवार धरू. चार वर्षं गोदामात साठ्याचं काम केलंय, आता अर्ज सप्लाय प्लॅनरच्या, म्हणजे मागणीचा अंदाज घेऊन माल वेळेवर मागवण्याच्या जागेसाठी आहे. एवढीच माहिती देऊन इंट्रो मागितला की येणारा मजकूर साधारण या थाटाचा असतो:

‘नमस्कार. मी एक परिणामाभिमुख आणि ध्येयवादी व्यावसायिक असून पुरवठा साखळी क्षेत्रात मला चार वर्षांचा समृद्ध अनुभव आहे. संघभावना, नेतृत्वगुण आणि समस्या सोडवण्याची क्षमता ही माझी बलस्थानं आहेत. मी कार्यक्षमतेत ३० टक्के वाढ घडवून आणली आहे.’

‘परिणामाभिमुख’ हा शब्द आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलाय का? तरी भाषा हा यातला लहान दोष. मोठा दोष असा की हा परिच्छेद मुलाखतीच्या रांगेत तुमच्या मागे बसलेल्यालाही जसाच्या तसा चालेल. ही चाचणी कुठल्याही इंट्रोला लावून पाहा: तुमच्या जागी दुसरा माणूस ठेवला आणि एकही वाक्य खोटं पडलं नाही, तर त्या मजकुरात तुम्ही नाहीच.

आणि ते ३० टक्के? उमेदवाराने असा आकडा दिलेलाच नव्हता. चॅटबॉटमागचा प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे यावरून मजकूर रचतं. अशा परिच्छेदांत त्या जागी बहुधा टक्केवारी असते, म्हणून तेही एक टक्केवारी बसवून मोकळं होतं. समोरचा साहजिकच विचारतो, ‘३० टक्के कशाचे? मोजलंत कसं?’ तिथून पुढची मुलाखत सावरणं अवघड. मजकूर हातात आला की आधी त्यातले आकडे, पदं आणि सॉफ्टवेअरची नावं अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे ‘हे मी दिलं होतं का?’ एवढं तपासा.

साधन चांगलं चालतं ते कच्चा माल नीट दिला तर. जाहिरातीचा पूर्ण मजकूर हवा. सारांश देऊ नका, कारण सारांश करताना नेमके कामाचे शब्द गळतात. शिवाय स्वतःच्या कामातल्या पाच-सहा गोष्टी, अगदी तुटक भाषेत. आपल्या उमेदवाराच्या अशा: दोन गोदामं, साधारण १,२०० प्रकारचा माल. सिस्टीममधला आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नव्हता, दर मोजणीला चाळीसेक ठिकाणी फरक. मोजणीची पद्धत बदलली. सहा महिन्यांनी फरक आठ-दहा ठिकाणी. माल कधी मागवायचा ते काढणारं एक्सेल शीट केलं. दोन नव्या मुलांना काम शिकवलं.

इथे एक खबरदारी. कंपनीचे गोपनीय आकडे, ग्राहकांची नावं, स्वतःचा फोन नंबर यांतलं काही चॅटमध्ये टाकू नका. रुपयांतला साठा सांगण्याऐवजी ‘चाळीसवरून दहावर’ असं प्रमाण सांगितलं तरी काम होतं. चॅटजीपीटीत तात्पुरत्या चॅटची सोय आहे, शिवाय तुमचा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये असं सेटिंगही आहे. ते आधी बघून घ्या.

आता सूचना. ‘छान लिहून दे’ असं म्हटलंत की विशेषणं पदरात पडलीच म्हणून समजा. त्याऐवजी पहिल्या फेरीत लिहायलाच मनाई करायची:

‘खाली जाहिरात आणि माझ्या कामातल्या सहा गोष्टी आहेत. इंट्रो अजून लिहू नकोस. जाहिरातीतल्या कोणत्या गरजेला माझी कोणती गोष्ट लागू पडते आणि कोणती गरज रिकामी राहते, तेवढंच सांग. मग मला पाच प्रश्न विचार, एका वेळी एक.’

आमच्या मते ही प्रश्नांची फेरी म्हणजे या साधनाचा सगळ्यात चांगला उपयोग, आणि नेमकी तीच लोक वगळतात. ‘पद्धत बदलली म्हणजे काय केलं?’, ‘ते शीट आता कोण वापरतं?’ असे साधे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं तुम्हाला पाठ असतात, पण ती सांगण्यासारखी आहेत हे सुचलेलं नसतं. शीट आता खरेदी विभाग रोज वापरतो, ही गोष्ट उमेदवाराच्या यादीत नव्हती. जाहिरातीत ‘खरेदी विभागाशी समन्वय’ हवा होता, आणि पुरावा अशा एका प्रश्नातून हाती लागतो.

दुसरी फेरी लिहिण्याची: ‘मोजणी आणि शीट या दोनच गोष्टी घे. बोलायच्या मराठीत, शंभर शब्दांच्या आत लिही. वाक्यं छोटी ठेव. विशेषणं नकोत. मी न दिलेला आकडा, पद किंवा गुण घालायचा नाही.’ शब्दसंख्येवर मात्र विसंबू नका. ही मॉडेलं शब्द मोजत नाहीत, मजकूर तुकड्यांनी हाताळतात; शंभर मागितले की सव्वाशे-दीडशेही येतात. आलेल्या मजकुरावर दोनदा कात्री चालवून आणि चार शब्द आपल्या हाताने बदलून जे उरतं ते असं:

‘मी चार वर्षं दोन गोदामांचा साठा सांभाळतेय, साधारण बाराशे प्रकारचा माल. सिस्टीममधला आणि प्रत्यक्षातला साठा जुळत नव्हता. दर मोजणीला चाळीसेक ठिकाणी फरक यायचा. मी मोजणीची पद्धत बदलली. भराभर खपणारा माल दर आठवड्याला मोजायचा, बाकीचा महिन्यातून एकदा. सहा महिन्यांत फरक आठ-दहा ठिकाणी राहिला. ते करताना कळलं की माल अचानक संपतो तो मागणीचा अंदाज चुकतो म्हणून. मग रोजचा खप आणि माल यायला लागणारे दिवस धरून कधी मागवायचं ते काढणारं शीट केलं. खरेदी विभाग आता तेच वापरतो. तुमच्या जाहिरातीत अंदाज आणि खरेदीशी समन्वय, दोन्ही आहे. मला आता पूर्ण वेळ तेच करायचंय.’

सावकाश बोललं तर पाऊण ते एक मिनिट. आता काय करते, त्यातलं एक काम मुळापासून, आणि ही जागा का, अशा क्रमाने ते जातं. दोन नव्या मुलांना शिकवल्याचा उल्लेख गळला, कारण या जाहिरातीत माणसं सांभाळण्याचं काम नाही. टीम लीडच्या जागेसाठी हाच उमेदवार गेला तर शीट बाहेर आणि ती दोन मुलं आत. म्हणून ‘माझा इंट्रो’ नावाची एकच फाइल जपून ठेवण्यात अर्थ नाही. जपायची ती कच्च्या गोष्टींची यादी.

नावाने सुरुवात करायची का? समोरच्याच्या हातात तुमचा बायोडेटा असेल तर गरज नाही. फोनवरच्या पहिल्या बोलण्यात मात्र नाव आणि कोणत्या जागेसाठी बोलताय हे आधी हवं. शाळा-कॉलेजची साखळी, घरची माहिती, छंद हे चॅटबॉट हमखास घालतो, कारण मागितलं नाही तरी परिच्छेद भरायचा असतो. अनुभवी माणसाने शिक्षण एका वाक्यात शेवटी सांगावं किंवा विचारेपर्यंत सांगूच नये.

नुकतंच शिक्षण संपलेल्यांसाठी वेगळा सापळा आहे. प्रोजेक्ट चौघांनी केलेला असतो आणि चॅटबॉट सगळं ‘मी’ करून टाकतो, किंवा उलट सगळं ‘आम्ही’. दोन्ही वाईट. ‘चौघांचा प्रोजेक्ट होता, डेटाबेसचा भाग माझ्याकडे होता’ असं स्वतः लिहून द्या आणि ते वाक्य बदलायचं नाही अशी तंबी द्या. मधली नोकरी सुटलेली असेल तर तो तीन वाक्यांचं स्पष्टीकरण लिहून देतो, अगदी माफी मागितल्यासारखं. त्यातलं कारणाचं एक वाक्य ठेवा, बाकी काढा.

सरावासाठी बोलून संवाद करण्याची सोयही या ॲप्समध्ये आहे. इथे गुण कापावे लागतात. तुम्ही विचार करायला क्षणभर थांबलात की बोलणं संपलं असं समजून ते मध्येच उत्तर देऊ लागतं, त्यामुळे थांबायला भीती वाटू लागते आणि बोलण्याचा वेग वाढतो. मुलाखतीत हवं असतं नेमकं उलटं. शिवाय कौतुकाची फार हौस. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘अतिशय प्रभावी!’ ठरलेलं. ‘या उत्तरावर शंका घेणारा अधिकारी कोणते तीन प्रश्न विचारेल?’ असं विचारलं तर तोच चॅटबॉट कामाचं बोलतो.

उच्चार, वेग, अडखळणं यांसाठी फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो, आणि इथे तो चॅटबॉटपेक्षा सरस आहे. अनेक जण बोललेलं लेखी करून घेतात आणि त्यात ‘अं’, ‘म्हणजे’ शोधतात. यात गोची आहे: आवाजाचं लेखी रूप करणारी बरीच साधनं ‘अं’सारखे आवाज गाळूनच टाकतात. कागदावर बोलणं स्वच्छ दिसतं, कानाला नसतं. म्हणून मोजणी कानानेच करा. पहिल्या दहा सेकंदांत कामाची गोष्ट आली का? वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का? मराठीत क्रियापद शेवटी येतं. तिथे आवाज पडला की ‘केलं’ की ‘करणार आहे’ हेच समोरच्याला कळत नाही. आणि एखाद्या ठिकाणी वेग एकदम वाढला तर तो भाग घोकलेला आहे हे ओळखावं.

घोकंपट्टी टाळायला मजकूर बाजूला ठेवून फक्त खुणेचे शब्द कागदावर लिहा: दोन गोदामं, चाळीस, आठ-दहा, शीट, अंदाज. एवढ्यावर तीन वेळा रेकॉर्ड केलं की वाक्यं दर वेळी थोडी बदलतात आणि आकडे तेच राहतात. पाठ केलेल्या परिच्छेदात एक शब्द अडला की पुढचं सगळं जातं. खुणेच्या शब्दांवर बोलणारा पुढच्या शब्दावर उडी मारतो. समोर माणूस नसलेल्या, रेकॉर्ड करून पाठवायच्या मुलाखतीत हे शब्द कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी चिकटवा आणि पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न बघता भिंगाकडे बघा.

राहता राहिलं लिंक्डइन. बोलायचा इंट्रो तिथे उचलून चिकटवण्याची चूक सर्रास होते. बोलणं एका जाहिरातीसाठी असतं, तिथली ओळख कुणीही वाचतं. नावाखालच्या हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, ‘अबाउट’ या परिचयाच्या भागाला २,६०० ची. अबाउटच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं दाबल्यावर उलगडतं. तेव्हा चाळीसवरून दहावर आणलेला फरक तिथेच हवा, ‘मला लहानपणापासून आवड’ नको. देवनागरीत लिहिणाऱ्यांची जागा अंदाजापेक्षा लवकर संपते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, मात्रा आणि जोडाक्षरातले हलन्त (पाय मोडल्याची खूण) वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, संगणकाला सहा.

तिथली एक छोटी सोय फार कमी लोक वापरतात: नावाचा उच्चार रेकॉर्ड करून प्रोफाइलवर ठेवता येतो. हे मोबाइल ॲपमधून करायचं आणि वेळ मिळतो १० सेकंद. काही जण त्यात ‘नमस्कार, मी अमुक, मला तमुक क्षेत्रात…’ कोंबायला जातात आणि वाक्याच्या मध्येच वेळ संपते. नाव-आडनाव सावकाश दोनदा म्हणायला मात्र ते दहा सेकंद निवांत पुरतात.