ऑनलाइन फॉर्म भरून देणारं तालुक्याचं दुकान: कशासाठी जावं, कशासाठी नाही

तहसील कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ ही पाटी हमखास दिसते. बँक, पोस्ट, पोलीस भरतीसाठी या दुकानांचा खरा आधार आहे, कारण तिथे कागदी अर्ज चालतच नाही. फक्त मोबाईल नंबर आणि ईमेल उमेदवाराचाच टाकून घ्यावा. दुकानदाराचा टाकला तर ओटीपी, हॉल तिकिटाचा मेसेज, सगळं त्याच्याच फोनवर जातं आणि परीक्षेची तारीख निघून गेल्यावर कळतं.

दुकानाची पारख करायची तर बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचा फॉर्म भरताना करावी. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी, शिवाय हाताने लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, कॅपिटल अक्षरांत नको. घोषणापत्र इंग्रजीतच आणि उमेदवाराच्याच हाताचं लागतं. गर्दीच्या वेळी दुकानातला पोट्टाच ते खरडून देतो, आणि तेवढ्यावरून अर्ज बाद होऊ शकतो. जो दुकानदार कोरा कागद पुढे करून ‘तूच लिही’ म्हणतो, त्याच्याकडे डोळे झाकून जावं.

ग्रामीण डाक सेवक भरतीत लेखी परीक्षा नाही, निवड दहावीच्या गुणांवर होते. म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून एकेक आकडा स्वतः वाचावा, मगच सबमिट करू द्यावं. खात्यातून पैसे कटले तरी अर्ज अर्धवट राहिलेला असू शकतो. शुल्काची पावती आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट हातात आल्याशिवाय दुकान सोडू नये. शेवटच्या दोन दिवसांत साइट रेंगाळते, लाइटही जाते; तेव्हा आठवडाभर आधीच जावं. भरतीचं शुल्क किती आणि दुकानाची मजुरी किती, हे सुरुवातीलाच वेगवेगळं विचारावं.

काही कामांना मात्र हे दुकान उपयोगाचं नाही. अंगणवाडी मदतनीसाची जाहिरात निघाली आणि अर्ज बाल विकास प्रकल्प कार्यालयात मागवला असेल, तर स्वतःच जावं. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नये. पुढे यादीत नाव नसलं तर हातात तोच एक पुरावा असतो.

नागपूरकडच्या बुटीबोरी, हिंगणा आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कारखान्यांत आयटीआयवाल्यांनी नुसत्या ऑनलाइन अर्जावर विसंबून राहू नये. सकाळी पाळी सुरू होण्याआधी गेटवर पोचावं. आधार, बँक पासबुक, आयटीआय प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, चार फोटो आणि आधी कुठे काम केलं असेल तर पीएफचा यूएएन नंबर सोबत असावा. भरती कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराकडे, पीएफ कटतो का, हे तिथेच विचारावं. गेटबाहेर ‘लावून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर एक रुपयाही देऊ नये, मूळ कागद तर मुळीच नाही.